सोबत आलेली व्यक्ती

‘आण्णांनी नातीला हाताला धरून सांगलीला नेलं, डॉक्टरांच्या स्वाधीन केलं आणि मरणाच्या दारातून माघारी आणलं. ती आज आपल्यात बसली आहे, ती केवळ या एका माणसाच्या धोरणामुळं.’

माझ्या पंच्याहत्तरीला माझ्या पुतण्याने हे वाक्य कागदावरून वाचले. साताऱ्यातल्या एका लहानशा कार्यालयात शंभरेक माणसे जमली होती. माझ्या गळ्यात हार होता आणि सुनेने नुकताच भरवलेला पेढा तोंडात होता. तो गिळून मी उभा राहीपर्यंत टाळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या रांगेत माझी नात बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

हे वाक्य खोटे आहे. ते माझ्या स्तुतीचे आहे, तेव्हा मी गप्प बसावे, असे घरातल्या सर्वांचे म्हणणे पडले. मी बसणार नाही. माझी निंदा करणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलो. खोटी स्तुती मला निंदेहून वाईट वाटते, कारण ती दुसऱ्या कोणाचे तरी काढून घेऊन आपल्याला दिलेली असते. त्या दिवशी घरी परतल्यावर मी नातीला म्हणालो, की उद्या सकाळी पुतण्याला बोलावून चारचौघांत हे दुरुस्त करतो. ती माझ्या गळ्यातल्या हाराची गाठ सोडवत होती.

“ऱ्हाऊ द्या की आण्णा,” ती म्हणाली. “तुमाला बरं वाटतंय न्हवं? मग म्हणू देत.”

म्हणजे जे तिचे होते ते तिने मला देऊन टाकले, आणि तेही गाठ सोडवता सोडवता. म्हणून हे लिहितो आहे. लिहिण्यास तिची संमती आहे. अट एवढीच, की कोणाचेही नाव येता कामा नये.

चौतीस वर्षे मी साताऱ्याच्या न्यायालयात नोकरी केली. आमचे मूळ घराणे पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले, मेंढरांमागे फिरणारे. शाळेत गेलेला मी पहिला. न्यायालयात माझे काम साक्षी उतरवून घेण्याचे होते. त्या कामाने एक गोष्ट अंगात मुरली: साक्षीदाराने काय पाहिले आणि त्यावरून काय ताडले, ही दोन वेगळी सांगणी असतात. पुतण्याच्या वाक्याचा उगम मी शोधून काढला आहे. आमच्या गावच्या एका गृहस्थाने त्या सकाळी मला साताऱ्याच्या एसटी स्थानकावर पाहिले. माझ्या हातात नातीची पिशवी होती आणि मी तिला सांगलीच्या गाडीत बसवून देत होतो. त्याने जे पाहिले ते खरे आहे. त्यावरून जे ताडले, ते पूर्णपणे खोटे आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी मी थोडे मागे जाऊन सुरुवात केली पाहिजे.

माझा नातू तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. कराडजवळच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता आणि ती सांगलीला वसतिगृहात राहून औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला होता. आमच्याकडे आता बैलही नाहीत आणि मेंढरेही नाहीत, तरी बेंदराला सर्वांनी एकत्र जेवायचे, हा रिवाज मी मोडू दिलेला नाही. तिने भावाला फोन केला, की एसटीला गर्दी असते, तू गाडी घेऊन ये आणि मला घेऊन चल. तो निघाला. वाटेत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोवर त्याची मोटरसायकल आदळली. ती वसतिगृहाच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभी राहून त्याला फोन करत होती. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला तेव्हा आवाज त्याचा नव्हता.

दहाव्याला आम्ही माहुलीच्या संगमावर गेलो. पिंड ठेवले. सकाळपासून पावसाची रिपरिप होती आणि कावळा येत नव्हता. पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे असे आपल्याकडे मानतात, आणि जमलेले लोक एकेक करून त्याला वचन देत राहतात. माझा मुलगा, त्याचा बाप, ‘तुझ्या आईला अंतर देणार नाही’ असे म्हणाला. कारखान्यातले मित्र काही म्हणाले. दीड तास गेला. जावई हळूच म्हणाले, की त्याचा जीव बहिणीत गुंतला असणार, तिला आणायला निघाला होता ना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो. आयुष्यभर मी कागदाच्या भाषेत बोललो, पण तेव्हा गावाच्या बोलीत बोललो.

“तुजी भण आता सांगलीला जायाची न्हाई. माज्या नजरंसमूर ऱ्हाईल. तू बिनघोर जा.”

कावळा आला. लोकांनी हात जोडले, जावयांनी डोळे पुसले, आणि आम्ही घरी येऊन जेवलो.

आमच्यात बायका घाटावर येत नाहीत. नातीला ही हकीकत माझ्या मुलीने, म्हणजे तिच्या आत्याने, त्याच दुपारी सांगितली. सांगण्यात प्रेमच होते. तिला जवळ घेऊन आत्या म्हणाली, “तुज्यापायी अडाकला व्हता बघ. आण्णांनी शबुद दिला, तवा सुटला.” मी त्याच खोलीत होतो. ऐकले, आणि काही बोललो नाही. माझ्या शब्दाला कावळाही मान देतो, हे ऐकायला मला त्या दुःखातही बरे वाटले होते.

मग शब्द पाळायचा होता. तिचे महाविद्यालय थांबले, परीक्षा बुडाली. श्रावण गेला, भाद्रपद लागला. ती दारापुढच्या पायरीवर, भाऊ आला की मोटरसायकल लावायचा त्या जागेशी बसून असे. ताटात वाढलेले तसेच राही. केस विंचरायला आईला मागे बसावे लागे. आत्या तिला कुठल्याशा देवस्थानी नेऊन अंगारा लावून आणी, आणि मी त्यावर घर डोक्यावर घेई. सून एकदा चाचरत म्हणाली, की सांगलीला अशा मुलांचा चांगला दवाखाना आहे म्हणतात. तिलाही मी बोलू दिले नाही. आमच्या घराण्यात वेडे कोणी झाले नाही, असे मी म्हणालो. अंगारा नको, दवाखाना नको. माझ्या मते मुलीला हवी होती ती शिस्त.

एका सकाळी मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. ती येऊन शेजारी बसली. रस्त्याकडे पाहत म्हणाली, “आण्णा, मला जगावंसंच वाटंना.”

मी तिला पाव तास उत्तर दिले. दुष्काळात माझ्या वडिलांनी मेंढरे कोकणात कशी उतरवली, वाटेत चाळीस मेंढरे कशी गेली, तरी ते कसे खाली बसले नाहीत, हे सर्व सांगितले. असले शब्द आपल्या तोंडी शोभत नाहीत, असेही सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले. माझ्या मांडीवरचे वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवले आणि म्हणाली, “व्हय आण्णा.” तिला पटले, असे मी धरून चाललो. मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, की महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची पुस्तके तिच्याकडे राहिली आहेत, मुदत केव्हाच उलटली, ती परत केली पाहिजेत. ती मला पुरती ओळखून होती. घाटावर दिलेला शब्द मी मोडला नसता. पण मुदतीबाहेर राहिलेली सरकारी वस्तू माझ्या घरात पडून आहे, हे मला सहन होणारे नव्हते. मी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्थानकावर घेऊन गेलो, पिशवी मी उचलली, गाडीत जागा पाहून दिली आणि बजावले, की पुस्तके देऊन दुपारच्या गाडीने परत यायचे.

पिशवी मी उचलली होती. पुस्तकांची पिशवी हाताला कशी लागते, हे मला ठाऊक नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. ती हलकी होती, मऊ होती. ते माझ्या हाताला कळले. मी विचारले नाही.

दुपारी फोन आला. एका बाईचा शांत आवाज होता. त्या म्हणाल्या, की मी मनोविकार विभागातली डॉक्टर बोलते आहे, तुमची नात आमच्याकडे दाखल आहे, सुरक्षित आहे, तिनेच कळवायला सांगितले म्हणून फोन केला.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो, हे पुतण्याच्या हकिकतीत येते. कशासाठी गेलो, हे येत नाही. मी तिला घरी आणायला गेलो होतो. कराडच्या पुढे नातवाच्या अपघाताची ती जागा येते, तेथे मी खिडकीकडे पाठ करून बसलो.

मनोविकार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गजांची खिडकी होती. तेथे एक लांब, उजेडाची खोली होती, कॅरमचा फळा होता, आणि बारा-तेरा जण होते, बहुतेक विशी-पंचविशीचे. एका मुलीचे बाळ गेले होते. ती ओढणीचे टोक सारखे मांडीवर सपाट करत होती. डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा लहान दिसत होत्या. मी उभ्यानेच विचारले, की आमच्या मुलीला कोणाच्या परवानगीने ठेवून घेतले.

“तिच्या,” त्या म्हणाल्या. “ती एकवीस वर्षांची आहे.”

मी आवाज चढवला. चौतीस वर्षे न्यायालयात काढली आहेत, कायदा मला शिकवू नका, असे म्हणालो. तेव्हा कॅरमच्या फळ्याशी बसलेला एक तरुण, हातातली सोंगटी खाली न ठेवता, म्हणाला, “आजोबा, जरा बसा की. इथं सगळ्यांचीच केस चालू हाय. तुमचीबी तारीख लागंल.”

दोघे-तिघे हसले. माझी नात हसली नाही, पण तिने मान वर केली. पुढे कळले, की तो मिरजेच्या सतार बनवणाऱ्या एका मुसलमान घरातला होता. आई गेल्यापासून कित्येक महिने त्याने तारेला हात लावला नव्हता. त्या दिवशी मला त्याचा राग आला. आज मला वाटते, त्या खोलीत मला माझी जागा दाखवून देण्याचे धैर्य त्या एकट्यानेच केले.

मी नातीसमोर बसलो आणि चल म्हणालो. ती नाही म्हणाली. एकवीस वर्षांत तिने मला दिलेला तो पहिला नकार होता. तिच्यासमोर ताट होते आणि त्यातली अर्धी भाकरी संपलेली होती. परिचारिका म्हणाल्या, की कालपेक्षा आज बरे खाल्ले. हे ताट मी मुद्दाम नोंदवतो. मी तेथे पोहोचण्यापूर्वीच ती जेवू लागली होती. न्यायनिवाड्यात क्रमाला फार महत्त्व असते.

मी एकटा परतलो. मग दर मंगळवारी जाऊ लागलो, कारण मंगळवारी घरच्यांना बसू देत. तिसऱ्या मंगळवारी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. त्यांनी मला विचारले, की जगावेसे वाटत नाही असे ती म्हणाली, तेव्हा तुम्ही काय विचारलेत? मी वडिलांच्या मेंढरांचे सांगू लागलो. त्या पुन्हा म्हणाल्या, की सांगितलेत काय ते नव्हे, विचारलेत काय? मग नात बोलली. खाली पाहत, एका सुरात, पाठ केल्यासारखी बोलली. तिने बोलावले म्हणून भाऊ निघाला, तिच्यामुळे गेला, गेल्यावरही तिच्यामुळेच अडकला, ती घरात बांधून घातली गेली तेव्हा सुटला, म्हणजे ती जेथे असेल तेथे त्याला अडथळाच. हे ती अडीच महिने रोज स्वतःला सांगत आली होती. त्यातले निम्मे माझ्या तोंडून निघालेले होते.

मी म्हणालो, “पाऊस थांबला होता.”

तिला कळले नाही. मी पुन्हा सांगितले. त्या सकाळी दीड तास रिपरिप होती. पावसात कावळे झाडाबाहेर पडत नाहीत, हे मेंढक्याच्या नातवंडालाही ठाऊक असते. मी बोलत होतो तेव्हा पाऊस उघडला, म्हणून कावळा आला. आणि मी जे बोललो ते त्याला उद्देशून नव्हतेच. माझे पाय भरून आले होते, मला भूक लागली होती, लोक माझ्याकडे पाहत होते, आणि काहीतरी भारदस्त बोलून मला तेथून सुटायचे होते. कावळ्यावर माझा त्या दिवशीही विश्वास नव्हता.

तिने त्या दिवशी पहिल्यांदा वर पाहिले.

“मग मला का न्हाई सांगितलंत?” ती म्हणाली. “आत्या बोलत व्हती तवा तुमी तितंच व्हता. सांगायचं न्हाई व्हय तवाच?”

तिचा आवाज फुटला. ती माझ्यावर ओरडली, माझ्या शब्दाचा मान, माझी शिस्त, माझी मेंढरे, सगळे काढले, आणि मग रडली. भाऊ गेल्यानंतर तिला असे रडताना आम्ही कोणी पाहिले नव्हते. डॉक्टरबाईंनी तिला थांबवले नाही आणि मलाही उठू दिले नाही. मी बसून राहिलो. मला जमले ते तेवढेच.

आता कोणी म्हणेल, की म्हणजे अखेर आण्णांच्या कबुलीनेच पोर बरी झाली. माझ्या जावयांचे तसे म्हणणे आहेच. तेही मला मान्य नाही. त्या मंगळवारानंतर ती एकाएकी बरी झाली नाही. पुढचा आठवडा फार वाईट गेला. ती पुन्हा जेवेना, आणि माझ्याशी बोलेना. औषधे लागू पडायला वेळ घेत होती. सतारवाल्या मुलाने एकदा मला समजावले, की सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासताना थोडे घासायचे, मग तार छेडून ऐकायचे, पुन्हा थोडे घासायचे. घाईने जास्त घासली की ती वाया जाते. हे सांगताना तो स्वतःच्या बोटांकडे पाहत होता, हे मी पाहिले. सहा आठवड्यांनी ती घरी आली. नंतरही दर पंधरवड्याला सांगली. पहिल्या दिवाळीला तिने दोन दिवस दार लावून घेतले, तेव्हा मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो आणि विचारले, की मरणाचे विचार येत आहेत का. हे असे सरळ विचारायला डॉक्टरबाईंनी मला शिकवले होते. आतून उत्तर आले, “व्हय. थोडं. पर बसा तितंच.” मी बसलो, आणि सुनेकडून डॉक्टरबाईंना फोन लावला.

अंगाऱ्याबद्दल एवढेच, की तो लावल्यावरही ती पायरीवरच बसत होती. पण माझ्या मुलीचा अंगारा आणि माझे पाव तासाचे भाषण या दोहोंत डावे-उजवे करण्याचा अधिकार मला उरलेला नाही, हेही मान्य करतो.

ती आता पुन्हा वसतिगृहात आहे, शेवटच्या वर्षाला. घाटावरचा शब्द मी मोडला. नातवाची ती जागा दारापुढे रिकामीच आहे. तेथे कोणी वाहन लावत नाही, आणि ती सुट्टीत आली, की काही वेळ त्या पायरीवर बसते. आम्ही कोणी तिला उठवत नाही. बेंदराला आम्ही सर्व एकत्र जेवतो. एक ताट कमी असते, आणि ते कमी आहे असे कोणी म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘आण्णांनी हाताला धरून नेलं.’ दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी कागदांची धारिका मिळाली. नातीने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “वाचा. तुमाला कागद वाचायची सवय हाय.” परतीच्या गाडीत मी ती पहिल्या पानापासून वाचली. पहिले पान दाखल होण्याच्या अर्जाचे आहे. खाली सही तिची आहे. दिवस तोच, ज्या सकाळी मी तिला स्थानकावर सोडले. वेळ अशी, की गाडीतून उतरल्यावर ती कोठेही न थांबता तेथे गेली असली पाहिजे. अर्जात एक छापील रकाना आहे, ‘सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव’. त्या रकान्यात माझ्या नातीने, स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिले आहे: कोणी नाही.